शीर दबलीय, पण कुठली?

आमच्या सांगलीकडे हाताचं काहीही दुखणं असो, निदान आधीच तयार असतं: "शीर दबलीय." वस्ताद म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, मालिशवाला तर म्हणतोच. घाईत असलो की आम्ही फिजिओथेरपिस्टही तेच म्हणतो. मराठीत शीर हा शब्द दोन्हीकडे चालतो. रक्त वाहून नेते ती शीर, आणि जिच्यामुळे बोटांना मुंग्या येतात तो मज्जातंतूही बोलताना शीरच. गेल्या श्रावणात माझ्याकडे आलेल्या एका वेटलिफ्टरचे चार दिवस या एका शब्दाने खाल्ले. ते चार दिवस माझ्या खात्यावर आहेत, म्हणून हे प्रकरण मीच लिहिते आहे. त्या मुलाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिली भेट

वय २४, उजवखोरा. दिवसा एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, संध्याकाळी दीड-दोन तास सराव. विद्यापीठ पातळीवर खेळून झालेलं, मध्ये दोन वर्षं सुटलेलं, आता जिल्हा स्पर्धेसाठी पुन्हा जोर धरलेला. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे बार जमिनीवरून डोक्यावर नेण्याचे स्पर्धेतले दोन प्रकार, शिवाय आठवड्यातून दोनदा बेंच (पाठीवर पडून छातीवरून बार ढकलणं) आणि पुल-अप्स. वजनगटात बसायचं म्हणून जेवण आणि पाणी दोन्ही तोडलेलं.

तक्रार त्याच्या शब्दांत अशी होती: "मॅडम, उजवा हात भरून आलाय. पंप येतो ना, तसा. पण उतरंना झालाय." जोरदार व्यायामानंतर स्नायू रक्ताने फुगतात, त्याला जिममध्ये पंप म्हणतात.

सुरुवात आठवडाभरापूर्वी झाली होती. जर्क मारताना तिसऱ्या सेटला बार डोक्यावर धरला आणि हात अचानक जड वाटला. बार खाली टाकल्यावर बोटांत थोडं झिणझिणलं. वेदना म्हणावी अशी नव्हती. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पुन्हा सराव, पुन्हा तेच. सरांनी सांगितलं, शीर दबलीय, शेक दे. आईने शेक दिला, वर तिळाच्या तेलाने रगडूनही दिलं.

मी केसपेपरवर लिहिलं: "उजव्या हाताला मुंग्या, हात वर नेल्यावर वाढतात." आज तो कागद काढला की लक्षात येतं, तो मुंग्या म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, भरून आलाय. मुंग्या माझ्या.

तपासणी मी नीट केली, निदान तेव्हा तसं वाटलं. मान मागे आणि बाजूला झुकवून वरून हलका दाब दिला, हातात काहीच उतरलं नाही. कापसाच्या बोळ्याने दोन्ही हातांची संवेदना तपासली, सारखी. ट्रायसेप्स, मनगट, बोटांची पकड, सगळ्यांत जोर पूर्ण. कोपराच्या आतल्या खोबणीत टिचकी मारली, करंगळीत करंट गेला नाही. मग दोन्ही हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघड-बंद करायला सांगितल्या. सव्वा मिनिटालाच उजवा हात खाली आला. "जड झाला मॅडम, शिसं भरल्यागत."

ही चाचणी थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमसाठी करतात, म्हणजे मानेतून हाताकडे उतरणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या वाटेत कुठेतरी चेपल्या जातात का ते पाहायला. या आजाराचे दहापैकी नऊहून जास्त रुग्ण मज्जातंतू दबल्याचे असतात. मी त्या नवांच्या भरवशावर राहिले. डोक्यावर वजन आठवडाभर बंद, नसांना हलकी ताण-ढील देणारे व्यायाम, आणि चार दिवसांनी भेट.

दोन गोष्टी मी केल्या नाहीत. तीन मिनिटांच्या चाचणीत माझी नजर मोबाइलवरच्या टायमरवर होती, त्याच्या तळहाताच्या रंगावर नव्हती. आणि त्याने अंगाला घट्ट बसणारा, मनगटापर्यंत बाह्यांचा स्पोर्ट्स टी-शर्ट घातला होता. नुसती उजवी बाही मी कोपरापर्यंत सरकवली. टी-शर्ट काढायला सांगितलाच नाही.

राखी

चौथ्या दिवशी तो आईला घेऊन आला. खरं तर आईच त्याला घेऊन आली होती. त्याचं म्हणणं, फरक पडतोय. माउलीने त्याचा उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्यो राखीचा दोरा बघा की मॅडम. पोरीनं बांधली तवा बोट जात होतं आत."

बहिणीने आठवड्यापूर्वी बांधलेली साधी रेशमी राखी. गोंडा झडून गेलेला, नुसता लाल-पिवळा दोरा उरलेला. तो मनगटात रुतला होता. खाली कातडीवर खाच पडली होती आणि खाचेच्या दोन्ही बाजूंनी मांस उचललेलं दिसत होतं. डाव्या मनगटावर घड्याळ होतं, त्याचा पट्टा सैल खेळत होता.

टी-शर्ट काढायला सांगितला. निघता निघेना, उजवी बाही दंडाला चिकटून बसली होती.

उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीच्या वरच्या भागावर निळसर शिरांचं जाळं उठलं होतं. वडाच्या पारंब्या फुटाव्यात तसं, कॉलरबोनच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) खालून दंडाकडे. डावीकडे असं काही नव्हतं. हात लोंबता सोडला की तळहात जांभळट व्हायचा. टेप काढली. कोपराच्या १० सेंटिमीटर वर उजवा दंड ३५, डावा ३२.५. कोपराच्या १० सेंटिमीटर खाली उजवीकडे ३० आणि डावीकडे २८. कामाचा हात थोडा जाड असतोच, पण अडीच सेंटिमीटर नव्हे. बोटाने दाबलं तर खळगा पडत नव्हता. नुसता तटतटलेला, भोपळ्यासारखा घट्ट. मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी, हात गरम.

मग एक साधी गोष्ट केली, जी कोणीही घरी करून बघू शकतं. हात खाली असताना तळहाताच्या मागच्या शिरा फुगलेल्या असतात. तोच हात हळूहळू हृदयाच्या वर नेला की त्या मिटतात, कारण रक्त उताराने परत जातं. त्याच्या डाव्या हाताच्या शिरा खांद्याच्या उंचीच्या पुढे जाताच सपाट झाल्या. उजव्या हाताच्या मात्र हात डोक्यावर नेला तरी तशाच उठून राहिल्या. पाणी वर अडलंय हे कळायला एवढं पुरे होतं.

दबली होती ती शीरच. फक्त ती रक्ताची होती.

मी त्याला विचारलं, धाप लागते का, श्वास घेताना छातीत टोचतं का, खोकल्यात रक्त आलं का. तिन्ही नाही. हे आधी विचारायला लागतं, कारण शिरेत रक्ताची गुठळी बसली असेल तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. मग आईला बाजूला बसवून त्याला एकट्याला विचारलं, इंजेक्शनं वगैरे चालू आहेत का. टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची औषधं रक्त गोठण्याकडे झुकवतात आणि जिममधली मुलं आईसमोर हो म्हणत नाहीत. तो म्हणाला, फक्त क्रिएटिन, म्हणजे जिममधली मुलं ताकदीसाठी घेतात ती पावडर. त्याचा सगळा संशय क्रिएटिनवरच होता. तो मी तिथेच दूर केला. आईला सांगितलं, आजपासून मालिश नाही, शेक नाही. माझे व्यायामही बंद. चिठ्ठी लिहिली आणि दोघांना त्याच रिक्षाने रुग्णालयात पाठवलं.

संध्याकाळी कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झाला. काखेतली शीर प्रोबने दाबली जात नव्हती. निरोगी शीर दाबली की चपटी होते, आत गुठळी असेल तर होत नाही. तिच्या पुढचा कॉलरबोनखालचा भाग हाडाच्या सावलीत गेला होता, म्हणून रंगद्रव्य देऊन सीटी केला. पहिली बरगडी आणि कॉलरबोन यांच्यामध्ये शीर पूर्ण बंद. पेजेट-श्रोटर सिंड्रोम, म्हणजे श्रमाने झालेली गुठळी.

हाडांची खिंड

हे नाव जुनं आहे. लंडनचे सर्जन जेम्स पेजेट यांनी १८७५ मध्ये असा अचानक सुजणारा हात नोंदवला आणि १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फॉन श्रोटर यांनी कारण शिरेतली गुठळी असावी असं मांडलं. दोघांची नावं जोडली गेली ती ह्यूजेस यांनी १९४९ मध्ये ३२० रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा. एरवी हा आजार दुर्मीळच, वर्षाला लाखात एखाद-दोघांना. पण ते एखाद-दोघे बहुतेक तरुण, धडधाकट आणि हात वर करून कष्ट करणारे असतात: बेसबॉल फेकणारे, पोहणारे, वजन उचलणारे, छताला रंग देणारे.

जागा समजून घेतली की कारण आपोआप दिसतं. मानेतून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा जुडगा आणि धमनी मानेच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून येतात. हातातून परत येणारी मोठी शीर मात्र त्यांच्या पुढून, अगदी छातीच्या हाडाजवळून जाते. खाली पहिली बरगडी, वर कॉलरबोन, पुढे एक चिवट अस्थिबंध आणि कॉलरबोनला खालून चिकटलेला सबक्लेव्हियस नावाचा लहानसा स्नायू. हात वर गेला आणि खांदे मागे-खाली ओढले की ही खिंड आवळते. आता जर्कचा शेवट आठवा: हात सरळ वर, खांदे बांधलेले, बार डोक्यावर स्थिर. बेंचला आम्हीच सांगतो, खांद्याची पाती मागे आवळून धर. वर्षानुवर्षं सराव केला की तो लहानसा स्नायूही जाड होतो आणि खिंड आणखी अरुंद होते. शीर दर वेळी चेपते, आतून खरवडली जाते, भरून येताना तिथे व्रण धरतो. एके दिवशी पाणी कमी प्यायलेलं असतं, रक्त घट्ट झालेलं असतं, सेट मोठा असतो आणि गुठळी बसते. दोन वर्षं सराव सुटला असताना काही झालं नाही आणि जोर धरल्यावर दोन महिन्यांत झालं, याचा अर्थ मला तरी असा लागतो.

यात धमनी आणि मज्जातंतू सुखरूप असतात. म्हणून नाडी चांगली, कापसाचा स्पर्श चांगला, जोरही चांगला. माझ्या सगळ्या चाचण्या बरोबर होत्या आणि सगळ्या दुसऱ्याच शिरेच्या होत्या.

आमच्या गावातला आणखी एक पूर्वग्रह कबूल करते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं आणि शेवटच्या प्रयत्नांत त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. ते दृश्य इथे प्रत्येक जिममध्ये शंभर वेळा पाहिलं गेलंय. तेव्हापासून लिफ्टरचा हात म्हटलं की सगळे आधी कोपर चाचपतात. मीही टिचकी आधी कोपरावरच मारली होती.

शब्द

या प्रकरणानंतर मी माझ्याकडच्या लिफ्टरांचे जुने केसपेपर घेऊन बसले. त्यांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहिलेल्या फार थोड्या निघाल्या, पण ज्या होत्या त्या वाचताना गंमत वाटली. आपल्या भाषेत हाताला काय होतंय हे सांगायला भरपूर शब्द आहेत आणि लोक ते अचूक वापरतात. गोंधळ आम्ही घालतो, सगळ्यांना मुंग्या करून.

"करंट मारतो" म्हणणारा बहुतेक मज्जातंतूचा असतो, आणि कुठली बोटं हे विचारलं की नेमका पत्ता मिळतो. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल तर कोपरामागची नस. स्क्वॉटमध्ये बार खाली पाठीवर घेऊन कोपर जास्त दुमडून धरणाऱ्यांना आणि रात्री मोबाइल कानाला लावून झोपणाऱ्यांना हे होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि रात्री हात झटकत उठायची सवय असेल तर मनगट. मान वळवली की दंडातून चमक उतरते, मधलं बोट बधिर होतं, बेंचला एकच हात मागे राहतो, तेव्हा मानेची सातवी नस. असे लोक पुष्कळदा आपणहून हात डोक्यावर ठेवून बसतात, कारण त्याने आराम पडतो. माझ्या रुग्णाला हात वर नेल्यावर त्रास वाढत होता. तेवढ्यानेही मी सावध व्हायला हवं होतं.

"गार पडतो, पांढरा पडतो, थोडं केलं की दुखतो" हे धमनीकडे बोट दाखवतं आणि त्याला वेळ देता येत नाही. डाव्या हातात ओढ, सोबत छातीवर दडपण, घाम, थांबलं की कमी होणारी कळ, ही तक्रार घेऊन चाळिशीचा माणूस जिममधून थेट माझ्याकडे येतो तेव्हा मी त्याला टेबलावर झोपवतसुद्धा नाही, ईसीजीला धाडते.

आणि "भरून आलाय, तटतटलाय, जडशीळ झालाय, अंगठी निघंना" हे शिरेचे शब्द. साधा पंप दोन्ही हातांना येतो आणि तास-दोन तासांत उतरतो. एकाच हाताचा पंप दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असेल, तर त्याला पंप म्हणायचं नाही.

पुणे आणि नंतर

गुठळी वितळवण्याचं औषध पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत चांगलं लागू पडतं. डॉपलर झाला तो अकरावा दिवस होता. रक्त गोठू न देणारं हेपरिन चालू करून बाराव्या दिवशी त्याला पुण्याला एका रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांकडे हलवलं. दंडातल्या शिरेतून बारीक नळी थेट गुठळीत नेऊन रात्रभर औषध थेंबथेंब सोडलं. दुसऱ्या दिवशी शीर उघडली, पण हात वर करून चित्र घेतलं की बरगडीपाशी ती पुन्हा चिमटत होती. मुलाच्या मामांनी विचारलं, हृदयात घालतात तशी स्टेंट घाला की. दोन हाडांच्या मध्ये स्टेंट घातली तर ती चेपते, तुटतेही. आधी खिंड मोकळी करावी लागते. तीन आठवड्यांनी काखेतून छेद देऊन पहिली बरगडी काढली. बरगडी काढणार म्हटल्यावर आईने मला रात्री फोन केला होता. त्याने हाताचा जोर जातो का, एवढंच तिला विचारायचं होतं. नाही जात.

त्याला वेगळीच काळजी होती. त्याने कुठूनतरी शोधून काढलं होतं की बास्केटबॉलचा व्हिक्टर वेंबन्यामा याच्या उजव्या खांद्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये गुठळी सापडली, उरलेला हंगाम बुडाला आणि पुढच्या हंगामात तो मैदानात परतला. "म्हंजे जमतंय." मी म्हटलं, जमतं, पण आधी गोळी वेळेवर घे. रक्त पातळ करणारी गोळी तीन महिने होती. जिममध्ये अंग दुखलं की डायक्लोफिनॅक खायची रीत आहे. ती सोबत खाल्ली तर रक्तस्राव होऊ शकतो, हे त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना बसवून सांगावं लागलं.

व्यायाम सावकाश. पहिले दोन आठवडे मूठ, मनगट, कोपर, खोल श्वास, खांदा काटकोनापर्यंत आणि पाण्याने भरलेल्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही. सहाव्या आठवड्याला हात पूर्ण वर गेला. बाराव्या आठवड्यानंतर, पुण्याचा डॉपलर स्वच्छ आल्यावर बार हातात दिला, तोही मुलींचा १५ किलोचा. त्याला ते फार लागलं. प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर टेप लावायची. एक सेंटिमीटरहून जास्त फरक तासाभरात उतरला नाही तर पुढचं सत्र रद्द, हा माझा नियम. दोनदा रद्द करावं लागलं, दोन्ही वेळा त्याने गुपचूप पुल-अप्स मारले होते.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा आला तेव्हा दंडाच्या आतल्या बाजूवर हात फिरवत म्हणाला, "हितं कायच कळंना मॅडम. सदरा घातल्यावरनं हात फिरवल्यागत लागतंय."

या वेळी मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. काखेतून छेद देताना तिथली त्वचेची एक नस ताणली जाते आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, बहुतेक वेळा हळूहळू ओसरतो. कापसाचा बोळा घेतला, जिथे स्पर्श कळायचा थांबतो तिथे पेनाने ठिपके दिले आणि ठिपके जोडले. तळहाताएवढा डाग निघाला. दर महिन्याला आम्ही तो नव्याने काढतो. पाचव्या महिन्यात तो पाच रुपयांच्या नाण्याएवढा उरला होता. डाव्या हाताचं चित्र पुण्याला घेतलंय, हात वर केला की तिथेही शीर थोडी चिमटते. तूर्त बघत राहायचं ठरलंय. हल्ली तो आत येतानाच टी-शर्ट काढून खुंटीला अडकवतो, मग बसतो.